‘डेड स्टॉक’ अजून जिवंत आहे!

मराठी विभागाच्या संपादकांनी "लेख दे" म्हटलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "इंग्रजीत चालेल का?" त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते! पण मी तरी काय करणार? शाळा कॉन्व्हेंटची. तिथे मराठी म्हणजे आठवड्याचे मोजके तास, आणि "एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाईन की सिक्स्टी-नाईन?" हा दहावीपर्यंत न सुटलेला प्रश्न. (या प्रश्नाने पुढे माझी चांगलीच फजिती केली. ते येईलच.) तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि मुद्दा तेवढा ऐकून घ्या.

मुद्दा आहे आपल्या तळमजल्यावरच्या लॅबमधल्या चाळीस कॉम्प्युटरांचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आपली मशीन्स त्या परीक्षेत नापास. त्यामुळे आता त्यांचं ‘निर्लेखन’ होणार अशी नोटीस लागली आहे. गंमत म्हणजे मशीन कोरं करकरीत येतं त्या दिवशीच त्याचं नाव ‘डेड स्टॉक रजिस्टर’ मध्ये चढतं. म्हणजे बारशालाच मृत्यूचा दाखला! असो.

माझं म्हणणं असं की या चाळीसपैकी निदान सहा मशीन्स भंगारात न देता छोट्या दवाखान्यांच्या पेशंट रेकॉर्डसाठी द्यावीत. हे नुसतं दयेपोटी म्हणत नाही. त्या कामाला ती पुरून उरतात, असं माझं इंजिनिअरिंगचं मत आहे. ते कसं बनलं हे सांगायचं तर आधी टिटवाळ्याला जावं लागेल.

आमचं घर टिटवाळ्याचं. कल्याणहून कसारा लोकल पकडली की शहाड, आंबिवली आणि मग आम्ही. बाहेरच्यांना टिटवाळा म्हणजे महागणपती आणि अंगारकीची रांग. आम्हाला टिटवाळा म्हणजे शिवाय काळू नदी, पाऊस लागला की जाणारी लाईट आणि मध्येच उभी राहणारी लोकल. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत अशाच एका रात्री आजीला थंडी वाजून ताप भरला. आई आणि मी तिला रिक्षात घालून जवळच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. (नाव मुद्दाम देत नाही.) बाबा ठाकुर्लीच्या पुढे लोकलमध्ये अडकलेले. डॉक्टरांनी तपासलं, लघवीचं इन्फेक्शन वाटतंय म्हणाले, आणि विचारलं, "आजी, कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

आजी म्हणाली, "मागे एका गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं. तोंड असं सुजलेलं! इथेच तर आणलं होतं मला."

कुठली गोळी? तिला आठवेना, आईला आठवेना. पण इथेच आणलं होतं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये असणारच की! काउंटरवरच्या ताईने नाव टाकलं. स्क्रीनवर ते गोल गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. "सर्व्हर डाऊन आहे." खरं तर सर्व्हर कुठेतरी मजेत असणार, डाऊन झालेलं होतं पावसात आमच्या गल्लीचं इंटरनेट. समोरचा कॉम्प्युटर मात्र अगदी नवा, चकचकीत काचेचा, आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा महाग. त्याला आजीबद्दल काहीही माहीत नव्हतं.

मी पावसात घरी धावले. आमच्याकडे २००५ च्या आधीचा एकही कागद नाही. २६ जुलैच्या पुरात तळमजल्यावरच्या घरातलं सगळं भिजलं. त्या धड्यानंतर आजी प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गव्हाच्या कोठीत ठेवते. कोपरापर्यंत हात घालून पिशवी काढली. त्यात रेशनकार्डाच्या झेरॉक्स, लाईटबिलं, माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक आणि चार वर्षांपूर्वीचा केसपेपर. त्यावर लाल पेनाने ठळक लिहिलेलं: सल्फा.

चाळीस मिनिटं गेली. डॉक्टर चांगले, त्यांनी तोवर नुसतं सलाईन आणि तापाचं औषध चालू ठेवलं होतं, अंदाजाने काही दिलं नाही. कागद बघून त्यांनी वेगळं ॲन्टिबायोटिक लिहिलं आणि आजी चौथ्या दिवशी घरी येऊन मला "इतका पसारा केलास कोठीत!" म्हणून ओरडली. पण मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, डेटाबेसच्या पेपरला चांगले मार्क मिळवलेली. आणि माझ्या डोळ्यांदेखत गव्हाच्या कोठीने एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला हरवलं होतं. ते मला पचलं नाही.

मग मी वाचायला लागले. आपल्याकडे २००२ चे इंडियन मेडिकल कौन्सिलचे डॉक्टरांच्या वर्तणुकीविषयीचे नियम आहेत. त्यात ॲडमिट झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायला सांगितलंय, आणि मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागद द्यायला. त्याच नियमांत रेकॉर्ड पटकन सापडावं म्हणून ते कॉम्प्युटरवर आणण्याचा प्रयत्न करा असंही आहे. ‘पटकन सापडावं म्हणून’! या वाक्याला आमच्या त्या रात्रीच्या चक्राने काय उत्तर दिलं असतं, देव जाणे.

आता जरा हिशोब करू. घाबरू नका, बेरीज-गुणाकारच आहे. एका दवाखान्यात रोज ६० पेशंट धरा, वर्षाचे ३०० दिवस. एका भेटीत डॉक्टर काय लिहितात? नाव, वय, वजन, बीपी, तक्रार, निदान, औषधं, ॲलर्जी. सढळ हाताने ६०० अक्षरं धरू. देवनागरीचं एक अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं (इंग्रजीचं एकच. इथेही आपल्याला महागाई!). म्हणजे एका भेटीचे साधारण २ केबी. वर्षाच्या १८,००० भेटींचे ३६ एमबी. दहा वर्षांचे ३६० एमबी. हॉस्टेलच्या मुलांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर अख्ख्या दवाखान्याची दहा वर्षं, हजारो माणसांचे ताप, खोकले, बाळंतपणं आणि मधुमेह, हे सगळं मिळून तुमच्या हार्ड डिस्कवरच्या एका सिनेमाहून कमी जागा घेतं. आणि विंडोज ११ ला नुसतं उभं राहायला किमान ४ जीबी रॅम पाहिजे. पेशंट यायच्या आधीच!

एक्स-रे, सीटी स्कॅनची गोष्ट वेगळी. ती चित्रं जड असतात. त्यांच्यासाठी जुनं मशीन वापरा असं मी म्हणत नाही. पण आजीला त्या रात्री चित्र नको होतं. फक्त एक शब्द हवा होता.

आणि हॉस्पिटलचं रेकॉर्ड ठेवणं हे काम मुळात सुरूच झालं ते आजच्या मानाने केविलवाण्या मशीनवर. १९६६-६७ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत नील पापालार्डो आणि सहकाऱ्यांनी ‘मम्प्स’ नावाची भाषा तयार केली, खास पेशंटच्या माहितीसाठी. मशीन होतं पीडीपी-७. त्याची मूळ मेमरी ४ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या मापात ९ केबी. कितीही वाढवली तरी दीडशे केबीच्या आत. सकाळी तुमच्या मामाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ‘शुभ प्रभात’ याहून मोठं असतं. (याच पीडीपी-७ वर केन थॉम्पसनने १९६९ मध्ये युनिक्स लिहिलं, हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला आलं तर माझी आठवण काढा.) अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांची ‘व्हिस्टा’ ही प्रणाली याच मम्प्सवर उभी राहिली आणि कित्येक दशकं चालली.

हे सगळं वाचून अंगात वारं शिरलं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्या दोघींना घेऊन मी आमच्या जवळच्या एका छोट्या दवाखान्यात गेले. सहा खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक कंपाउंडर काका. माळ्यावर एक जुना कोअर टू ड्युओ पडलेला, २ जीबी रॅम. डॉक्टर म्हणाले, "चालला तर तुमचा, नाही तर भंगारवाला शुक्रवारी येतो."

चालू केला तर तीन वेळा बीप. रॅम काढली, खोडरबरने घासली, पुन्हा लावली. चालला! (खोडरबर हे भारतीय हार्डवेअर इंजिनिअरिंगचं सर्वात मोठं हत्यार आहे, पण सिलॅबसमध्ये नाही.) त्यावर डेबियन टाकलं. आधी आम्ही ‘ओपनएमआरएस’ लावून पाहिलं. ते २००४ पासूनचं, जगभर वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर, काम उत्तम. पण २ जीबीमध्ये जावा आणि मायएसक्यूएल दोघं एकत्र नांदेनात. चहा पिऊन आलो तरी पान उघडत होतं. मग आम्हीच पायथॉनमध्ये एक साधा प्रोग्रॅम लिहिला, खाली एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेला हा डेटाबेस तुमच्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. अख्खा डेटा एका फाईलमध्ये. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं.

काकांना दाखवायला आम्ही जरा लाजतच होतो. हे असलं जुनाट दिसणारं! काका खुर्चीवर बसले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, सगळं ठीक आहे, पण हा माऊस कशाला लावलाय?" त्यांनी डोंबिवलीत एके ठिकाणी कित्येक वर्षं फॉक्सप्रोवर बिलं केलेली. टॅब, टॅब, एंटर, टॅब. एका पेशंटची नोंद त्यांनी मिनिटाच्या आत संपवली. मी माऊसने तीच केली तेव्हा दुप्पट वेळ लागला. वर काका म्हणाले, "सावकाश, ताई. घाई नाही." अपमान असा करावा!

मग आम्ही वीज घालवायची परीक्षा घेतली. नोंद चालू असताना वायर खेचायची, पुन्हा चालू करायचं, डेटा नीट आहे का बघायचं. असं पन्नास वेळा करायचं ठरलं. एसक्यूलाइटने एकदाही फाईल बिघडू दिली नाही. अर्धवट नोंद तेवढी जायची, आधीचं सगळं जागच्या जागी. पण एकतिसाव्या वेळेला जुनी हार्ड डिस्क टक-टक करायला लागली आणि पस्तिसाव्याला गेली. इथे मला अक्कल आली. जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतात फिरणाऱ्या आणि फुगणाऱ्या गोष्टी: डिस्क, पंखा, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर. म्हणून डिस्क नवी घ्यायची, यूपीएस नवा घ्यायचा. आम्ही वर्गणी काढून छोटी एसएसडी आणली. यूपीएस डॉक्टरांनी घेतला.

कॉलेजला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "ताई, आजचे सगळे पेशंट २००७ मध्ये गेले."

मला वाटलं काका चेष्टा करतायत. झालं असं होतं की काका इमानदारीने रोज रात्री मेन स्विच बंद करून जात. मदरबोर्डवरचा तो बटणाएवढा सेल, सीआर २०३२, कधीच संपलेला. त्यामुळे सकाळी मशीनच्या मते १ जानेवारी २००७ उजाडायचा. आम्ही तिघी डेटाबेस, एन्क्रिप्शन, बॅकअप यावर रात्र रात्र वाद घातला होता आणि घड्याळाच्या सेलचा विचार एकीनेही केला नव्हता! लहान बाळाच्या लसीची तारीख, गरोदर बाईची शेवटची पाळी, टीबीच्या औषधाचा कितवा महिना, हे सगळं तारखेवर चालतं. आता सेल बदललाय, शिवाय शेवटच्या नोंदीपेक्षा आधीची तारीख दिसली तर आमचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही, "काका, तारीख तपासा" असं म्हणून बसून राहतो.

आणि ते एकोणसाठ? जुने केसपेपर भरताना काका वाचत होते, मी टाईप करत होते. "वय एकोणसाठ." मी ६९ टाकलं. काकांनी परत वाचून घेतलं म्हणून सापडलं. त्यानंतर आम्ही वयाऐवजी जन्मवर्ष विचारायला लागलो. ते तसंही बरोबर आहे, वय दरवर्षी बदलतं. पण खरं कारण मी कॉन्व्हेंटची आहे हे आहे.

दवाखान्याची खरी परीक्षा अंगारकीला झाली. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हात रांगेत उभं राहून चक्कर आलेले, पाय मुरगळलेले, शुगर खाली गेलेले, सगळे बाहेरगावचे, एकाचंही जुनं रेकॉर्ड नाही. काका म्हणतात मशीन दमलं नाही, ते स्वतः दमले.

आता दुसरी बाजू. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आमच्या एका सरांना सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "अगं, ते मशीन तू स्वतःच्या घरी ठेवशील का? मग गरिबाच्या दवाखान्याला भंगार का देतेस?"

दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. कारण सरांचं म्हणणं खरं आहे. ‘दान’ म्हणून कीबोर्डची अर्धी बटणं गेलेली मशीन्स शाळांना, दवाखान्यांना ढकलायची, फोटो काढायचा आणि विसरून जायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मी जे म्हणते आहे ते तसं होणार असेल तर भंगारवाला बरा, तो निदान पैसे देतो. म्हणून माझी अट अशी की मशीन द्यायचं ते उघडून, साफ करून, नवी एसएसडी, नवा सेल घालून, आणि एकाच्या जोडीला दुसरं तसंच मशीन देऊन. एक बंद पडलं की डिस्क काढून दुसऱ्यात घालायची, दहा मिनिटांत काम सुरू. नव्या महागड्या एका मशीनपेक्षा जुळी जुनी दोन मला केव्हाही पसंत. रोज रात्री दोन पेन ड्राइव्हवर बॅकअप, कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला. त्यातला एक डॉक्टरांच्या घरी. आणि प्रत्येक पेशंटच्या हातात डॉट मॅट्रिक्सवर छापलेला कागद द्यायचा. हो, कागद! ॲलर्जी सगळ्यात वर, ठळक. आजीची गव्हाची कोठी हा आमच्या डिझाईनचा अधिकृत भाग आहे.

(आणि सर, घरी ठेवीन का म्हणालात ना? हा लेख मी त्याच लॅबच्या एका मशीनवर टाईप करते आहे.)

दुसरा आक्षेप मुलांचा. जुनं म्हणजे असुरक्षित, व्हायरस येईल. याचं उदाहरण म्हणून सगळे इंग्लंडच्या एनएचएसचं नाव घेतात. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ आला, २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, ऑपरेशन्स रद्द झाली. पण पुढे चौकशीत काय निघालं? बाधित झालेली बहुतेक मशीन्स विंडोज ७ ची होती, ज्याला तेव्हा सपोर्ट होता आणि ज्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. तो कोणी टाकला नव्हता! म्हणजे धोका मशीनच्या वयात कमी आणि आळसात जास्त. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला, तेव्हा देशातलं सर्वात मोठं नाव असलेलं हॉस्पिटल सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर चाललं. आणि आपल्याच राज्यात त्याच वर्षी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमधली एचएमआयएस प्रणाली बंद झाली, केसपेपर पुन्हा हाताने लिहिणं सुरू झालं. तिथे प्रश्न कंत्राटाचा होता, रॅमचा नव्हता.

तरी आक्षेपात तथ्य नाही असं नाही. विंडोज एक्सपीवर आजही बिलं करणारे दवाखाने मी पाहिलेत. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. असं मशीन इंटरनेटला जोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. लिनक्समध्येही अगदी कितीही जुनं चालत नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यात ३२-बिट पीसीवर नव्याने इन्स्टॉल करायची सोय राहिली नाही. म्हणून माझी रेघ स्पष्ट आहे: प्रोसेसर ६४-बिट हवा, म्हणजे कोअर टू ड्युओपासून पुढे. त्याच्या आधीचं खरोखर डेड, त्याला राम म्हणा. आपल्या लॅबमधली चाळीसही मशीन्स या रेघेच्या आत आहेत. आणि दवाखान्याचं मशीन नेटला न जोडता ठेवायचं. अपडेट आम्ही पेन ड्राइव्हवर नेतो.

हे असं फक्त आम्हीच करतोय असंही समजू नका. आफ्रिकेत मलावीमध्ये ‘बाओबाब हेल्थ’ या संस्थेने एचआयव्हीच्या पेशंटसाठी २००० च्या दशकात जे यंत्र वापरलं ते होतं ‘आय-ओपनर’. अमेरिकेत घरगुती इंटरनेटसाठी विकायला आणलेलं आणि धंद्यात साफ आपटलेलं खेळणं: ३२ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश. त्याला टचस्क्रीन बसवला, वीज नेटवर्कच्याच वायरमधून बॅटरीवर दिली आणि ज्यांनी आयुष्यात कीबोर्ड पाहिला नव्हता ते कर्मचारी त्यावर काम करू लागले. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला ‘जन स्वास्थ्य सहयोग’ हे एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी उभारलेलं हॉस्पिटल आहे. तिथल्या गरजा बघून ‘बाह्म्नी’ हे मोफत सॉफ्टवेअर तयार झालं आणि ते पुढे अनेक देशांत गेलं. दोन्ही ठिकाणी लोकांनी आधी जागा पाहिली: वीज किती वेळ असते, कोण टाईप करणार, पेशंट किती येतात. मग सॉफ्टवेअर लिहिलं.

आणि आपण? आपल्या लायब्ररीत बी.ई.च्या प्रोजेक्ट रिपोर्टचं कपाट उघडून बघा. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’ नावाचे काळ्या बाइंडिंगचे, सोनेरी अक्षरांचे अकरा रिपोर्ट मी मोजले. सगळ्यांत ‘हार्डवेअर रिक्वायरमेंट’ हे पान आहे, आणि ते एकमेकांवरून उतरवलेलं आहे. शेवटच्या तीन वर्षांचे सगळे क्लाउडवर. एकातही "इंटरनेट गेलं तर?" हा प्रश्न नाही. व्हायव्हामध्ये तो कोणी विचारत नाही म्हणून नाही! एकही टीम एकाही दवाखान्याच्या काउंटरवर तासभर उभी राहिलेली दिसत नाही. पुढच्या वर्षी मीही बी.ई.ला असेन. तेव्हा हे वाक्य माझ्या तोंडावर फेकायला मोकळीक आहे.

क्लाउडला माझा विरोध नाही. आभा नंबरची योजना २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झाली. ते १४ आकडे लिहायला आमच्या प्रोग्रॅममध्ये जागा ठेवली आहे, म्हणजे उद्या रेकॉर्ड पुढे पाठवायचं झालं तर अडायला नको. पण नेट आलं की पाठवा, आणि गेलं तरी काउंटरवर ॲलर्जी दिसू द्या. एवढीच अपेक्षा आहे, ती काही अवाजवी नाही.

स्टाफपैकी कोणी म्हणेल, नियमात बसत नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम मी वाचले. कचरा झालेला माल नोंदणीकृत माणसाकडेच द्यावा लागतो, बरोबर आहे. पण चालू मशीन कचरा आहे हे आधी ठरवायचं कोणी? ठरवणारी समिती आपलीच आहे. सहा मशीन्स आधी बाजूला काढा, उरलेली चौतीस खुशाल द्या. एसएसडीचे पैसे आम्ही गॅदरिंगच्या स्टॉलमधून उभे करू; भेळेत फायदा चांगला असतो. पहिली जोडी कुठे जाणार तेही ठरलंय. काकांचं मशीन अजून एकटंच आहे, त्याला जुळं भावंड मिळालेलं नाही, आणि पुढचा पावसाळा काही आमच्यासाठी थांबणार नाही.

हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत समितीची मीटिंग कदाचित होऊन गेलेली असेल. नसेल, तर सदस्यांसाठी एक माहिती. सतरा नंबरचं मशीन दिसायला सगळ्यात वाईट आहे, पण चालायला सगळ्यात चांगलं. फक्त पावसाळ्यात त्याची रॅम एकदा काढून खोडरबरने पुसावी लागते. हे रजिस्टरमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.